पडद्याचं म्हणणं

बोट चालवणारा माणूस पाण्याकडे बघत असतो, असा किनाऱ्यावरच्यांचा समज असतो. तो तसाच राहू द्यावा. मी तरी बराच वेळ फिशफाइंडरकडे बघत असतो. खाली किती पाणी आहे, तळ चिखलाचा की खडकाचा, मधे कुठे माशांच्या कमानी उमटताहेत का, हे सगळं त्या ७ इंची पडद्यावरून सरकत असतं आणि नजर तिथेच अडकते. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा उजव्या गुडघ्यापाशी, काचेला आतून वाफ धरलेला. इंधनाचा काटा त्याहून वाईट जागी, मागच्या बाकाखाली, थेट टाकीवर. तो बघायचा तर सुकाणू सोडून उठायचं, बाकाची फळी उचलायची, वाकायचं. म्हणून तो कुणी बघत नाही.

बोट माझी आणि दाजींची, निम्मी-निम्मी. १६ फुटांची, मागच्या फळीवर टांगलेलं ६० अश्वशक्तीचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड. दाजी तो काटा बघत नाहीत कारण त्यांच्या खिशात वही असते. तारीख, किती लिटर भरलं, किती तास चालवलं, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात 'वारा समोरून' नाहीतर 'मासा नाही'. दुसरा शेरा जास्त वेळा येतो. वहीवर माझा विश्वास होता, पण पाण्यावर असताना वही दाजींच्या खिशात आणि प्रश्न माझ्या डोक्यात, अशी वाटणी झालेली असायची. आत्ता, या क्षणी, इथून परत जाण्याइतकं पेट्रोल आहे का?

उत्तर बोटीवरच होतं, फक्त दोन ठिकाणी तुटून पडलेलं. फिशफाइंडरच्या पोटात जीपीएस असतं, त्यामुळे आपण ताशी किती किलोमीटरनं जातोय हे त्याला पक्कं ठाऊक. आपण काय जाळतोय, हे मात्र त्याच्या गावीही नाही. इंजिनाचं नेमकं उलटं. आमच्यासारख्या इंजेक्शनच्या इंजिनातला छोटा संगणक प्रत्येक इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला ते मोजतो, आणि त्यावरून तासाला किती लिटर जातंय हे काढतो. पण बोट पुढे जातेय की खुंटाला बांधलेली आहे, हे त्याला कळत नाही. त्याला पंखा फिरवायचा असतो, तो फिरवतो. लिटरमागे किती किलोमीटर हा आकडा या दोघांपैकी कुणाकडेच नव्हता. दोघं बोलले तरच तो जन्माला येणार होता. आणि हे दोघं तीन हंगाम एकमेकांपासून जेमतेम ३ मीटरवर बसून होते.

फिशफाइंडरच्या मागच्या बाजूला पाच टाचण्यांचं एक गोल भोक होतं. त्यावर रबरी टोपण होतं आणि ते मी कधी काढलंच नव्हतं. (लहान, स्वस्त मॉडेलांना हे भोक नसतंच. घेताना पडदा किती इंची ते बघतात, मागची बाजू कुणी बघत नाही.) ते भोक एनएमईए २००० चं. तोंडी सगळे नुसतं 'नीमा' म्हणतात. बोटीवरच्या उपकरणांनी आपापसात कसं बोलायचं याचा हा ठराव. त्याचा थोरला भाऊ ०१८३, १९८३ सालचा. त्याच्यात एक जण बोलायचा आणि बाकीचे ऐकायचे, सेकंदाला ४८०० बिट या चालीनं, साध्या अक्षरांच्या ओळींत. दुसऱ्याला बोलायचं असेल तर त्याच्यासाठी वेगळी तार. नव्यात सगळे एकाच तारेवर बसतात आणि सगळ्यांना सगळं ऐकू येतं. वेग सेकंदाला अडीच लाख बिट.

यामागची युक्ती बोटीची नाहीच, मोटारीची आहे. बॉशनं १९८६ साली कॅन नावाची पद्धत जगापुढे मांडली, कारण मोटारींमधल्या तारांचे जुडगे हाताबाहेर चालले होते. तिचा एक नियम मला फार आवडतो. दोन उपकरणं एकदम बोलायला लागली तर ज्याच्या संदेशाचा क्रमांक लहान ते बोलत राहतं. दुसरं तिथल्या तिथे थांबतं, पहिल्याचं होऊ देतं आणि मग स्वतःचं पुन्हा सुरू करतं. पहिल्याचं बोलणं जराही बिघडत नाही. आमच्या घरच्या जेवणात ही सोय आजवर कुणाला सुचलेली नाही.

इंजिनाच्या बाजूनं मात्र एक अडचण होती. इंजिनं आतल्या आत बोलतात ती ज्याच्या त्याच्या बोलीत. यामाहाच्या बोलीचं नाव कमांड लिंक, मर्क्युरीच्या बोलीचं स्मार्टक्राफ्ट. तिथे मधे दुभाषा लागतो, त्याला गेटवे म्हणतात. सुझुकी आणि होंडाच्या अलीकडच्या बऱ्याच इंजिनांना त्यांची जोडकेबल लावली की ती थेट नीमात बोलतात. आणि कार्ब्युरेटरवर चालणारं जुनं इंजिन असेल तर त्याच्याकडे सांगण्यासारखं फारसं नसतंच. फेरे काढायचे तर आल्टरनेटरमधून येणारे ठोके मोजायचे, आणि इंधन मोजायचं तर नळीतच मीटर बसवायचा. आमच्या इंजिनाला दुभाषा लागला. कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण पुढे जे घोळ झाले ते आमचेच होते आणि त्यात तिचं नाव यायला नको.

सामान आलं ते एका पिशवीत मावणारं. एक गेटवे, दोन केबली, तीन टी (तीन तोंडांचे जोड), दोन टर्मिनेटर. रचना अगदी सोपी. एक कणा असतो, त्यावर टी बसवायचे आणि प्रत्येक टीमधून एकेका उपकरणाला फांदी द्यायची. फांदी ६ मीटरपेक्षा लांब नको. कण्याला वीज एकाच ठिकाणाहून, १२ व्होल्टची, फ्यूजमधून. आणि कण्याच्या दोन्ही टोकांना एकेक टर्मिनेटर. म्हणजे अंगठ्याएवढं बूच, आत १२० ओहमचा रेझिस्टर. आमचा कणा म्हणजे तरी काय, एकमेकांत पिळलेले तीन टी, सगळे मिळून वीतभर लांब. एक टी विजेचा, एक गेटवेचा, एक फिशफाइंडरचा.

या बुचांनी माझा एक रविवार खाल्ला. पहिल्या दिवशी घरी टेबलावर जोडणी केली तेव्हा एक बूच पिशवीच्या तळाशी राहून गेलं होतं. मला ते लक्षात आलं, पण फिशफाइंडरच्या यादीत गेटवेचं नाव आलं होतं. मग वाटलं, चालतंय ना. बोटीवरही तसंच बसवलं. तिथे कधी चालायचं, कधी नाही. धक्क्याला उभं असताना नाव दिसायचं, इंजिन सुरू केलं की गायब, मग पुन्हा हजर. मी गेटवेला शिव्या घातल्या, केबली बदलल्या, कनेक्टर काढून पुसले. तारेच्या टोकाला बूच नसेल तर संदेश तिथे आपटून मागे फिरतो आणि मागून येणाऱ्या संदेशात मिसळतो. तार आखूड असेल तर हा गोंधळ खपून जातो, आणि नेमकं खपून जाणं हेच वाईट. साफ बंद पडलं असतं तर मी तासाभरात शोधलं असतं.

शेवटी मल्टिमीटर काढला. कण्याची वीज बंद करायची आणि पांढऱ्या व निळ्या तारेमधला रेझिस्टन्स मोजायचा. दोन्ही बुचं जागेवर असतील तर ६० ओहम, कारण दोन १२० समांतर बसतात. १२० दिसले तर एक बूच नाही. ४० दिसले तर कुणीतरी हौसेनं तिसरं लावलंय. माझ्या मीटरवर ११९ आले. पिशवी उलटी करून झटकली, बूच खाली पडलं. ते लावलं, ६० झाले. तेवढंच.

दुसरा घोळ सांगायला लाज वाटते, पण सांगतो. बूच लावलं, फिशफाइंडर सुरू केला, इंजिनाचं पान उघडलं. फेऱ्यांच्या जागी आडव्या रेघा. तापमानाच्या जागी रेघा. सगळीकडे रेघा. मी मेनूत शिरलो, इंजिनांची संख्या एक केली, माहितीचा स्रोत गेटवे आहे ना ते तपासलं, इंजिनाचा क्रमांक शून्य आहे ना ते बघितलं. (नीमात मोजणी शून्यापासून. एकटं इंजिन असेल तर ते शून्य, दोन असतील तर डावं शून्य आणि उजवं एक.) सगळं बरोबर. रेघा तशाच. दाजी बाकावर बसून वहीत काहीतरी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "किल्ली फिरवलीस का रे?"

किल्ली माझ्या खिशात होती. किल्ली फिरल्याशिवाय इंजिनाचा संगणक जागाच होत नाही, मग तो बोलणार काय.

किल्ली फिरवली आणि रेघांच्या जागी आकडे आले. इंजिन अजून बंदच, त्यामुळे फेरे ०, पण बॅटरी १२.६ व्होल्ट आणि इंजिनाचं तापमान २८ अंश. मग स्टार्टर मारला आणि फिशफाइंडर विझला. स्टार्टर एकदम इतका करंट ओढतो की बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर खाली बसतो आणि नाजूक उपकरणं माना टाकतात. तो पुन्हा सुरू होईपर्यंत आम्ही दोघं त्या काळ्या काचेत आपापली तोंडं बघत बसलो. मग ७५० फेरे दिसले. ७४०. ७६०. आकडा श्वास घेतल्यासारखा हलत होता. ओळखीच्या माणसाचं अक्षर पहिल्यांदा बघावं तसं वाटलं. आवाज रोजचाच होता, पण तो असा दिसतो हे माहीत नव्हतं.

तारेवरून नेमकं काय जातं ते मी नंतर वाचून काढलं आणि त्यात बराच रमलो. फेऱ्यांच्या संदेशाचा क्रमांक १२७४८८. तो सेकंदाला दहा वेळा सुटतो. फेरे पावपाव फेऱ्यानं मोजतात, म्हणून ३२०० फेरे तारेवर १२८०० होऊन जातात. पुढचा क्रमांक १२७४८९. त्यात तापमान, ऑइलचा दाब, व्होल्टेज, तासाला किती लिटर, एकूण किती तास चाललं. हा सेकंदाला दोनदा, कारण तापमानाला घाई नसते. ते केल्व्हिनमध्ये (सेल्सियस अधिक २७३.१५) जातं, अंशाच्या शंभराव्या भागात. म्हणजे ६० अंश सेल्सियस तारेवर ३३३१५. इंजिनाचं वय सेकंदांत लिहितात आणि त्यासाठी जागा ३२ बिटांची ठेवली आहे. ती भरायला १३६ वर्षं लागतील. ज्यानं ही जागा आखली त्यानं आउटबोर्ड कधी जवळून बघितलं होतं का, अशी शंका येते.

आता त्या आकड्याकडे येतो ज्याच्यासाठी हा खटाटोप केला होता. पडद्याच्या कोपऱ्यात मी एक चौकट लावली: लिटरमागे किलोमीटर. वेग फिशफाइंडरचा, इंधन इंजिनाचं, भागाकार पडद्यावर. या एका चौकटीनं आमची तीन हंगामांची समजूत मोडली.

आम्ही काटकसरी माणसं. परत येताना दाजी नेहमी म्हणायचे, "सावकाश घे, पेट्रोल वाचेल." आणि मी २७०० फेऱ्यांवर आणायचो. पळतही नाही, रेंगाळतही नाही, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आकाशाकडे आणि मागची फळी पाण्यात रुतलेली, अशी ती चाल. पहिल्याच दिवशी त्या चालीवर वेग १४ आणि खर्च तासाला ८ लिटर दिसला. लिटरमागे पावणेदोन किलोमीटर. मी घाबरून थ्रॉटल पुढे केला. बोट स्वतःच्याच लाटेवर चढली, नाळ खाली आली, पाण्याच्या पाठीवरून सरकायला लागली. ३८०० फेरे, वेग ३५, खर्च साडेअकरा. लिटरमागे तीन किलोमीटर. पार मागे ओढून हजार फेऱ्यांवर आणलं तर वेग ७, खर्च २.२, लिटरमागे तीनच्या थोडं वर. म्हणजे अगदी हळू चाला किंवा चांगलं पळा. आमची 'सावकाश' नेमकी मधली होती, सगळ्यात खर्चिक. त्या चालीत बोट स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढत राहते, माथ्यावर कधी पोचतच नाही, आणि इंजिन सगळा जोर त्या चढावर घालवतं.

दाजींना दाखवलं. त्यांनी तिन्ही चालींचे आकडे वहीत उतरवून घेतले. मग मागची पानं चाळली. वहीत हे सापडण्यासारखं नव्हतंच. दिवसभराचं पेट्रोल आणि दिवसभराचे तास यांच्या सरासरीत परतीच्या त्या 'सावकाश' चालीची पंधरा मिनिटं कुठल्या कुठे मिसळून जायची. ते काही बोलले नाहीत. त्यांचा गप्प राहण्याचा एक प्रकार हिशेब चुकल्याचा असतो, तो मला ओळखता येतो.

माझी पाळी महिन्याभरानं आली.

त्या दिवशी वारा पडलेला, पाणी आरशासारखं. पडद्यावर शिल्लक इंधन १४ लिटर. ३८०० वर आम्ही परत येत होतो आणि इंजिन दोनदा खोकून बंद पडलं. पहिल्यांदा मी पडद्याकडे बघितलं. १४ लिटर. मग उठून बाकाची फळी उचलली. काटा तळाला टेकलेला.

पडद्यावरचं 'शिल्लक इंधन' म्हणजे टाकीत बघून सांगितलेली गोष्ट नसते. टाकीत वेगळा सेन्सर बसवून तोही तारेवर घातला असेल तर गोष्ट वेगळी. आमच्याकडे तो नव्हता. आमच्याकडे होती वजाबाकी. टाकी ६० लिटरची हे मी सांगितलेलं, आणि इंजिन म्हणतं ४६ जळले, म्हणून उरले १४. ही वजाबाकी सुरू कधी होते? मी 'टाकी भरली' हे बटण दाबतो तेव्हा. आणि त्या सकाळी घाईत मी कॅनमधून पेट्रोल ओतलं, टाकी काही काठोकाठ भरली नव्हती, पण मेनूत हाताशी तेच बटण होतं. दाबलं. पडद्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. त्यानं दुसरं काय करायचं होतं?

दाजींनी नांगर टाकला. मग नाळेखालच्या कप्प्यातून ५ लिटरचा कॅन काढला. तो तिथे कायम असतो आणि त्यावरून मी त्यांना कैकदा चिडवलं होतं. कॅन ओतून झाला, इंधनाच्या नळीवरचा रबरी फुगा मी दाबत बसलो, तो कडक होईपर्यंत. तेवढ्या वेळात त्यांनी वही उघडून माझ्यापुढे धरली. त्या दिवसाची ओळ: '२० + १२ लि. टाकी पूर्ण नाही.' सकाळी मी बटण दाबत असताना ते हे लिहीत होते.

"मग तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"तुझ्या पडद्यावर आहे म्हणालास ना."

घरी येऊन दोघांनी वही आणि पडदा शेजारी ठेवला. तेव्हा दुसरी चूकही सापडली. पडदा जेवढं जळलं म्हणायचा त्यापेक्षा दरवेळी थोडं जास्त पेट्रोल भरावं लागत होतं, सात-आठ नोंदींत सरासरी ९ टक्के. इंजिनाचा आकडा हा हिशेब असतो, कुणी भांडं लावून मोजलेलं नसतं. म्हणून सेटिंगमध्ये खरं भरलेलं इंधन सांगून तो हिशेब सुधारायची सोय असते. टाकी काठोकाठ भरायची, दोन-चार खेपा करायच्या, पुन्हा काठोकाठ भरायची आणि दुसऱ्यांदा किती लिटर लागलं ते सांगायचं. ही सोय मी वाचून सोडून दिली होती. तिला लागणारी माहिती ज्याच्याकडे होती तो माणूस बोटीवरच बसला होता.

पडद्याला कळत नाही असं बरंच आहे. इंजिनाच्या बाजूनं पाण्याची एक बारीक धार पडत असते. थंड करणारा पंप चालू असल्याची ती खूण. आमच्याकडे त्या धारेकडे बघायचं काम न ठरवता दाजींकडे आहे, कारण ते मागे बसतात. मधे एकदा ते म्हणाले, "धार बारीक झालीये." मी पडद्यावर बघितलं. ६२ अंश, रोजच्यासारखं. सांगणार होतो की सगळं ठीक आहे, पण शिल्लक इंधनाची आठवण ताजी होती. फेरे कमी केले. मिनिटभरात ६५ झाले, मग ६९. इंजिन बंद करून वर उचललं तर पाणी ओढून घेणाऱ्या जाळीला प्लास्टिकची पिशवी चिकटलेली. सेन्सर इंजिनाच्या धातूत बसलेला असतो, धातू तापल्यावर त्याला कळतं. धार त्याआधीच आटते. उलट रात्री एकटा परतत असेन तर धार दिसत नाही आणि तो आकडाच माझा आधार असतो. त्यावर गजर लावून ठेवलाय, ७५ ला वाजेल असा. अजून वाजलेला नाही.

आता परत येताना दाजी 'सावकाश' म्हणत नाहीत. २७०० च्या आसपास फेरे रेंगाळायला लागले की मागून आवाज येतो, "चढव, चढव, पेट्रोल जळतंय." वहीत त्यांनी एक रकाना वाढवलाय. मथळा पट्टीनं रेघ मारून लिहिलेला: 'पडद्याचं म्हणणं'. त्याच्या शेजारी जुना रकाना, 'भरले'. सुधारणा केल्यापासून दोन्ही जवळ आलेत, पण जुळलेले नाहीत. मागच्या खेपेला फरक पाऊण लिटरचा निघाला. त्यापुढे दाजींनी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.